मागचं चाक बसलंय!

पुण्यात स्कूटर पंक्चर झाली, की ही बातमी स्कूटर चालवणाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळते. आधी ती मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला कळलेली असते. मग सिग्नलला शेजारी थांबलेल्या कॉलेजच्या पोरांना कळते. ती एकमेकांकडे बघून हसतात आणि आपण उगाच शर्टाची बटणं चाचपतो. शेवटी कोणीतरी सज्जन गृहस्थ मुद्दाम वेग वाढवून आपल्याला गाठतात, हेल्मेटची काच वर करतात आणि ओरडतात, "काका, मागचं चाक बसलंय!" पुढे काय करायचं ते सांगायला ते थांबत नाहीत. ते काम मागून येणाऱ्या दुसऱ्या सज्जनांचं असतं.

दुचाकीवरच्या एका माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला आपणहून काही सांगावं, असे विषय मुळात थोडे. स्टँड वर घ्या, पदर सांभाळा, लाइट चालू राहिलाय आणि चाक बसलंय. यातला लाइट सरकारने काढून घेतला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू आहे तोवर चालूच राहतो, त्याला बंद करायचं बटणच नाही. तरीही भर दुपारी समोरून येणारे लोक पाची बोटं उघडमीट करत 'लाइट, लाइट' अशी खूण कितीतरी दिवस करत राहिले आणि आपणही अपराधी चेहऱ्याने नसलेलं बटण शोधत राहिलो. स्टँडचंही तेच. हल्लीच्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असेल तर चालूच होत नाहीत. राहता राहिला पदर. तो गेला, त्याची ओढणी झाली, ओढणीचा स्कार्फ झाला आणि तो आता डोक्याभोवती इतका आवळलेला असतो, की वादळातसुद्धा हलत नाही. त्यामुळे शहरातल्या परोपकाराचा सगळा भार आता एकट्या मागच्या चाकावर आला आहे.

मागचंच चाक का, याचं शास्त्रीय कारण मला एका जाणत्या मेकॅनिकने सांगितलं. रस्त्यात आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाला काही करत नाही. पुढचं चाक त्याला उडवतं, तो क्षणभर उभा होतो आणि तेवढ्यात पाठोपाठ येणारं मागचं चाक त्याला पोटात घेतं. त्यात वजन बहुतेक मागे. म्हणजे उद्योग पुढच्याचा आणि भोगायचं मागच्याने. हे मी घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "यात नवीन काय सांगितलं त्याने?"

चाक बसलंय हे मान्य करायला माणूस सहजासहजी तयार होत नाही. गाडीचा मागचा भाग डावीउजवीकडे झुलायला लागतो तेव्हा पहिला संशय रस्त्यावर जातो. तो घ्यायला आपल्याकडे जागाही भरपूर आहे, कारण परवाच डांबर पडलेलं असतं आणि कालच कोणीतरी केबल टाकायला ते खणलेलं असतं. दुसरा संशय वाऱ्यावर. तिसरा मागे बसलेल्या माणसावर.

"जरा सरळ बस ना."

"मी सरळच बसलेय."

"मग हलतेयस कशाला?"

"मी नाही हलत. तुमची गाडी हलतेय."

नीट चालत होती तोवर ती 'आपली' गाडी होती, ही गोष्ट इथे काढण्यात अर्थ नसतो.

मग गाडी कडेला घ्यायची, उतरायचं आणि टायरला बुटाने हलकी लाथ मारायची. लाथ मारून काय कळतं हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही, पण लाथ न मारता पंक्चर जाहीर करणारा माणूसही मी पाहिलेला नाही. त्यानंतर अंगठ्याने दाबून बघायचं. रिम रस्त्याला टेकलेली दिसत असते, टायर दोन्ही बाजूंनी फाकलेला असतो, तरी दाबून बघायचं. आपण दाबत असताना मागे बसलेली व्यक्ती घड्याळ बघते.

पेट्रोल संपणं आणि पंक्चर होणं यांत मोठा सामाजिक फरक आहे. पेट्रोल संपलं तर तो आपला चिक्कूपणा, हे सगळ्यांना मान्य असतं. पण पेट्रोल संपलेली गाडी निदान गडगडते तरी. कोणीतरी तरुण मागून येतो, "पाय लावू का काका?" म्हणतो, आपल्या गाडीला पाय लावतो आणि थेट पंपावर नेऊन सोडतो. पूर्वीच्या लुनाला तर चक्क पेडल होतं. पेट्रोल संपलं की मालक ती सायकलसारखी मारत घरी जायचा आणि वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर व्यायाम चाललाय म्हणायचा. पंक्चरला पाय लावून भागत नाही आणि पेडल मारून तर नाहीच. काहीही गुन्हा न करता सक्तमजुरी होते ती इथे.

मजुरी म्हणजे अक्षरशः मजुरी. गिअरलेस स्कूटरचं वजन शंभर किलोच्या आगेमागे असतं आणि ती चालवणाऱ्याचंही सहसा फार मागे नसतं. बसलेल्या चाकावर ती ढकलायला लागलं, की ज्या रस्त्याला चढ आहे असं इतकी वर्षं कधी वाटलंही नव्हतं, त्या रस्त्याचा चढ पायांना कळतो. यावर जाणकारांनी शोधलेली युक्ती अशी, की इंजिन चालू ठेवायचं आणि शेजारून चालत ॲक्सिलरेटर अगदी बेताने पिळायचा. बेत जमला तर गाडी आपल्याबरोबर चालते. अंमळ जास्त पिळला गेला, की मोठं कुत्रं मालकाला फिरायला नेतं तशी ती आपल्याला घेऊन निघते.

तेवढ्यात सल्लागार जमलेले असतात. एक म्हणतो, "बसून अजिबात चालवू नका, ट्यूबचे तुकडे होतील." दुसरा म्हणतो, "अहो, काही होत नाही. अगदी पुढे सरकून बसा आणि हळूहळू न्या." दोघांची एकमेकांशी ओळख नसते, पण आता ते आपल्याला विसरून एकमेकांशी बोलायला लागतात. तिसरा विचारतो, "कुठे झालं?" आपण सांगतो, अमुक पुलाखाली. तो मान हलवतो. जणू त्या पुलाबद्दल त्याच्या कानावर आलेलंच होतं. चौथा टायरची कंपनी विचारतो आणि ती ऐकून फक्त "तरीच" म्हणतो. पुण्यात 'तरीच' हा अंतिम निकाल असतो, त्यावर अपील नाही.

सगळ्यांत मोलाचा सल्ला मात्र पत्त्याचा. "इथे कोपऱ्यावर एक पंक्चरवाला होता. चांगला होता हो. आता नाही बसत तो." हे सांगताना गृहस्थांच्या चेहऱ्यावर खरी हळहळ असते. मग तो कधीपासून बसत नाही, आधी कुठे बसायचा, आता त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान कसं झालं, हे सगळं सविस्तर कळतं. सध्या बसणारा पंक्चरवाला कुठे आहे, एवढंच कळत नाही. या सुमारास बायको रिक्षा करते आणि कार्याला वेळेवर पोचते. आपण का आलो नाही हे ती तिथे चार जणांना सांगते आणि ते चार जण आपल्याला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतात, "काय, पंक्चर झाली म्हणे?"

इतका गाजावाजा पूर्वी होत नसे. माझ्या वडिलांच्या पिढीत स्कूटर पंक्चर होणं ही ज्याची त्याची खासगी बाब होती, कारण तेव्हा स्कूटरला स्टेपनी होती.

खरं तर स्कूटर जन्माला आली तीच पंक्चरचा विचार करून. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीतल्या पियाज्जो कंपनीने कोरादिनो दास्कानिओ या इंजिनिअरला दुचाकी बनवायला सांगितली. हा माणूस विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या कामातला. मोटारसायकल त्याला मनापासून नावडती. कपडे खराब होतात, बसायला अवघड आणि चाक पंक्चर झालं तर काढताना जीव जातो, अशी त्याची तक्रार होती. म्हणून १९४६च्या व्हेस्पाचं पुढचं चाक त्याने विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. मोटारीचं चाक काढावं तसं नट सोडून ते बाजूने काढता यावं, असा हिशेब. पुढे आपल्याकडे बजाजने पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ साली 'चेतक' आली. १५७६च्या हळदीघाटीच्या लढाईत महाराणा प्रतापांच्या चेतकचा पाय जखमी झाला, तरी उरलेल्या तीन पायांवर त्याने ओढा ओलांडून मालकाला वाचवलं, अशी कथा आहे. त्याच्या नावाच्या स्कूटरला दोन चाकं असताना वर एक जादा चाक मिळालं. इतिहासापासून धडा घेतल्याचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ही स्टेपनी मागे, सीटच्या पाठीशी लावलेली असे. बायका एका बाजूला पाय सोडून बसायच्या तेव्हा एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि दुसरा स्टेपनीवर. भांडण झालेलं असेल तर दोन्ही स्टेपनीवर. तिला रेक्झिनचं कव्हर असे आणि त्या कव्हरावर मालकाची अभिरुची. कोणाचा वाघ, कोणाचा 'आईवडिलांचा आशीर्वाद', कोणाची दोन मुलांची नावं. तिसरं झाल्यावर कव्हर बदलायला लागलेलं एक घर आमच्या वाड्यात होतं.

चाक बदलण्याचा विधी घरातल्या लहान मुलांना पाठ असायचा. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, स्कूटर एका अंगावर कलंडवायची, खाली वीट सरकवायची आणि नट सोडायला घ्यायचे. सुटलेले नट मुलाच्या ओंजळीत. नट सांभाळणं ही आमच्या पिढीतल्या मुलग्यांना मिळालेली पहिली जबाबदारीची जागा. वडील घामाघूम होऊन पाना फिरवत असताना आपण हलायचं नाही, शिंकायचं नाही आणि 'झालं का' तर मुळीच विचारायचं नाही. पुढचं आणि मागचं चाक एकाच मापाचं, त्यामुळे स्टेपनी दोन्हीकडे चालायची. पाव तासात चाक बदललेलं असे. वडील हाताला माती चोळून नळाखाली धुवायचे, शर्टाची बाही सोडायचे आणि ऑफिसला जायचे. कोणा सज्जनांना ओरडायची संधीच मिळायची नाही.

स्टेपनीचं एवढं कौतुक सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. बदललेलं पंक्चर चाक स्टेपनीच्या जागी लागायचं आणि 'उद्या काढून आणू' असं ठरायचं. तो उद्या क्वचितच उजाडायचा. त्यामुळे शहरातल्या स्टेपन्यांपैकी बऱ्याचशा कव्हराच्या आत पंक्चरच असायच्या, आणि हे गुपित पुढचं पंक्चर होईपर्यंत कव्हर उघडत नसल्यामुळे सुरक्षित राहायचं. ज्यांच्या स्टेपनीत नेमाने हवा असायची, त्यांना ती शेजाऱ्यांना द्यावी लागायची. विरजण आणि स्टेपनी या दोन गोष्टी मागून नेण्यात कमीपणा नव्हता. विरजण परत मिळायचं नाही, स्टेपनी परत मिळायची. हवा मिळायची नाही.

मग २००१ साली ॲक्टिवा आली. गिअर नाहीत, चालू करण्यापूर्वी गाडी कलती करणं नाही, बटण दाबलं की निघाली. त्या सगळ्या आनंदात स्टेपनी गेली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या बदल्यात सीटखाली डिकी मिळाली. त्या डिकीत काय मावत नाही? डबा, रेनकोट, मेथीची जुडी, दोन नारळ, मुलाचा स्केटिंगचा बूट, लाइटबिल, गेल्या वर्षीचं लाइटबिल आणि दुकानात 'पिशवी नाही मिळणार' म्हटल्यावर रागाने आणून ठेवलेल्या आठ पिशव्या. चाक सोडून सगळं मावतं. मेथीच्या जुडीसाठी आपण चाक सोडलं, असं मी एकदा जेवताना म्हणालो. सौदा चांगलाच झाला, असं घरातलं एकमत आहे. त्यात मी धरलेला नाही.

रस्त्यात झालेल्या पंक्चरइतकंच पार्किंगमध्ये सापडलेलं पंक्चर गंभीर असतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. सकाळी खाली यावं तर चाक बसलेलं. रात्री तर चांगलं होतं. अशा वेळी चाकात खिळा असेल, हा विचार आमच्या सोसायटीत सगळ्यांत शेवटी येतो. पहिला विचार येतो, की हवा कोणी काढली? कारण मागच्या रविवारच्या मीटिंगमध्ये आपण पार्किंगच्या पट्ट्यांवरून बोललेलो असतो. मग व्हॉल्व्हचं टोपण बघितलं जातं. टोपण नसेल तर कट सिद्ध होतो. वास्तविक ते टोपण गाडी घेतल्यापासून महिन्याभरात हरवलेलं असतं, पण ते आठवण्याची ती वेळ नसते. सेक्रेटरी येतात. सीसीटीव्ही बघू म्हणतात. सीसीटीव्हीत रात्रभर एक मांजर आणि सेक्रेटरींची स्वतःची मोटार एवढंच दिसतं, कारण कॅमेरा तिच्याकडेच तोंड करून बसवलेला आहे. दुपारी पंक्चरवाला टायरमधून बाभळीचा काटा काढून हातावर ठेवतो. तोवर तीन घरांचं बोलणं बंद झालेलं असतं आणि ते काट्याच्या पुराव्यावर पुन्हा सुरू होत नाही.

गाडी ठणठणीत असते तेव्हा पंक्चरची दुकानं पावलोपावली दिसतात. झाडाला किंवा खांबाला टांगलेला जुना टायर हीच त्यांची पाटी. हायवेला तर मैलामैलावर असतात, आणि तिथे बसणारा बहुतेक वेळा केरळहून आलेला असतो. महाराष्ट्रातले रस्ते कोकणापासून विदर्भापर्यंत त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. पण चाक बसलं, की त्या अख्ख्या रस्त्यावर केकची दुकानं, चष्म्याची दुकानं आणि दाताचे दवाखाने उरतात. आणि ज्या दिवशी चाक बसल्याबरोबर समोरच दुकान सापडतं, त्या दिवशी माणूस सुखावत नाही, संशय घेतो. खिळे यानेच टाकले असणार. म्हणजे दुकान लांब असलं तर सोय नाही आणि जवळ असलं तर कारस्थान. पंक्चरवाल्याने नेमकं किती अंतरावर बसावं, हे या शहराने अजून ठरवलेलं नाही.

हवेचा टायर प्रत्यक्षात चालवून दाखवला तो बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप यांनी, १८८८ मध्ये, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. डनलप हे जनावरांचे डॉक्टर होते. म्हणूनच की काय, पंक्चरवाला आजही पेशंटशी बोलत नाही, फक्त हात लावून बघतो. मालकाशी तर बोलतच नाही. सुरुवातीचे ते टायर रिमला चिकटवलेले असायचे. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असला पंक्चर टायर घेऊन आला. तो काढून दुरुस्त करायला तीन तास लागले, चिकटवलेलं सुकायला रात्रभर ठेवावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सायकल थोडी पुढे जाते न जाते तोच टायर पुन्हा बसला. त्या वैतागातून १८९१ मध्ये त्यांनी सहज काढता-घालता येणारा टायर आणला. तेव्हापासून जगभर 'उद्या या' बंद होऊन 'दहा मिनिटं' सुरू झालं असावं.

ही दहा मिनिटं बसायला दुकानात जुना टायर असतो. त्यावर बसलं की माणूस खाली जातो, गुडघे वर येतात आणि हातातली बॅग कुठे ठेवावी कळत नाही. शेजारचा कॉम्प्रेसर तोवर गप्प असतो. आपण जरा स्थिरावलो, की तो अचानक धडधडायला लागतो आणि आपण उठून उभे राहतो. पंक्चरवाला मान वर करत नाही. त्याने असे पुष्कळ उठलेले पाहिलेले असतात.

जुन्या, ट्यूबच्या टायरचं पंक्चर काढणं बघण्यासारखं असतं. लिव्हरने टायरची एक कड उचकटायची, आतली ट्यूब ओढून बाहेर काढायची, तिच्यात हवा भरायची आणि काळ्याभोर पाण्याच्या घमेल्यात ती वीतवीत बुडवत न्यायची. बुडबुडे आले की मालक पुढे वाकून म्हणतो, "तिथेच आहे." जणू पंक्चरवाला दुसरीकडे शोधत होता. मग ती जागा कोरडी करून कानशीने खरवडायची, तिच्यावर सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं हाच त्या धंद्यातला खरा कस. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते धरत नाही, जरा सुकू द्यावं लागतं. इथे हमखास मालक म्हणतो, "लावा की आता." पंक्चरवाला रस्त्याकडे बघत राहतो. त्याच्या मनात ती वेळ झाली, की तो ठिगळ लावतो, हातोडीने ठोकतो, ट्यूब पुन्हा बुडवतो आणि एकाही बुडबुड्याला जागा नाही हे आपल्यालाही बघू देतो. सगळ्यांत शेवटी टायरच्या आतून बोटं फिरवतो. कच्चा माणूस हे विसरतो आणि आत राहिलेला खिळा नव्या ठिगळाच्या शेजारी दुसरं भोक पाडून ठेवतो. हवा भरल्यावर थुंकी लावलेलं बोट व्हॉल्व्हवर ठेवून एकदा बघायचं, फुगा धरत नाही ना. झालं.

ट्यूबलेसने यातली सगळी रंगत घालवली. घमेलं नाही, कानस नाही, सोल्यूशन सुकायची वाट बघणं नाही. खिळा उपटायचा, टोच्याने भोक साफ करायचं, चिकट दोरी आत दाबायची, बाहेर राहिलेली टोकं ब्लेडने उडवायची. चाक काढायचीही गरज नाही, आणि हे उत्तमच, कारण बऱ्याच गिअरलेस स्कूटरचं मागचं चाक काढायचं तर आधी सायलेन्सर काढावा लागतो आणि तो नुकताच तापलेला असतो. खिळा रुतून बसलेला असला तर ट्यूबलेस टायर लगेच बसतही नाही, हवा हळूहळू जात राहते. काही लोक खिळ्यासकट दिवसचे दिवस फिरतात आणि रोज सकाळी हवा भरतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "खिळा काढला की पंक्चर होईल."

हे काम इतकं सोपं दिसतं, की माझ्या भाच्याने त्याचं किट मागवलं. पाच व्हिडिओ बघून तो रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसला. टोच्या टायरमध्ये छान गेला, बाहेर मात्र येईना. त्याने ओढला, शेजाऱ्यांनी ओढला, वॉचमनने भिंतीला पाय लावून ओढला. अखेर टायरमधून मूठ बाहेर आलेल्या अवस्थेत गाडी ढकलत दुकानात नेली. तिथल्या मुलाने काही विचारलं नाही. एका हिसक्यात टोच्या काढला, पुसला, भाच्याच्या हातात दिला आणि दोरी भरून पैसे सांगितले. भाचा म्हणतो, तो हसला असता तर बरं झालं असतं.

ही माणसं बोलत नाहीत, आणि मला त्यांचं सगळ्यांत जास्त तेच आवडतं. रस्त्यावर आपल्याला गाठून ओरडणारे, टायरची कंपनी विचारणारे, पूर्वीच्या दुकानाचा इतिहास सांगणारे आणि सीसीटीव्ही लावणारे, सगळ्यांचं बोलून झाल्यावर हा एकटा माणूस चाकातून खिळा काढतो आणि आपल्या तळहातावर ठेवतो. डॉक्टर आजार दाखवत नाहीत, नुसतं नाव सांगतात. मेकॅनिक 'सेटिंग गेलं होतं' म्हणतो. कॉम्प्युटरवाला 'आता बघा बरं' म्हणतो आणि काय झालं होतं ते त्यालाही ठाऊक नसतं. काय झालं होतं ते वस्तुरूपाने हातात देणारा व्यावसायिक मला दुसरा माहीत नाही. शिवाय त्या खिळ्याचा पुढे उपयोग होतो. 'पंक्चर झाली होती' हे कारण आपल्या कचेऱ्यांमधून इतक्या वेळा दिलं गेलंय, की खरोखर पंक्चर झालेल्या माणसाचा चेहराही खोटारडा दिसायला लागतो. अशा वेळी साहेबांच्या टेबलावर खिळा ठेवावा. त्याला मेडिकल सर्टिफिकेटपेक्षा वजन असतं.

निघताना पंक्चरवाला त्याचा एकमेव प्रश्न विचारतो, "किती भरू?" मालक म्हणतो, "नेहमीसारखी." नेहमी किती असते ते कोणालाच माहीत नसतं. तो आकडा पुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका डिकीत, आठ पिशव्यांच्या खाली असते. वास्तविक कमी हवेवर गाडी चालवली तर टायर कडेने झिजतो, तापतो, ट्यूब आत सरकून व्हॉल्व्हपाशी फाटते, आणि मग खिळ्याशिवायच रस्त्यात उभं राहावं लागतं. हवा पेट्रोलपंपावर फुकट मिळायला हवी, तसा नियम आहे. यंत्र बंद असेल किंवा हवावाला जेवायला गेला असेल तर तो जेवून येईपर्यंत थांबावं.

माझ्या स्कूटरच्या पुस्तिकेत पुढे २२, मागे २९ आणि डबलसीट असेल तर मागे ३६ पीएसआय असं दिलंय. तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेवढी भरा. आणि तुमच्याकडे अजून जुनी चेतक असेल, तर आज संध्याकाळी कव्हर काढून तिच्या स्टेपनीत हवा आहे का, तेवढं बघून घ्या.